शाळेत न बसलेल्या पोरीची स्कॉलरशिप

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, कापूस-तूर. मुलगी पाचवीपर्यंत जिल्हा परिषद शाळेत होती, पुढं घरीच मावशीपाशी शिकली. दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून दिली, बारावी सायन्स एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून देते आहे. इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. आम्ही कुणबी, ओबीसीत येतो. घरी शिकलेल्या पोरीला स्कॉलरशिप नसते, असं गावातले लोक म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही भाऊ, खरं नाही. मी २६ वर्षं एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर काढली. पोट्टं शाळेत शिकलं की घरी, असा रकाना त्या फॉर्मात कधी पाहिला नाही. बोर्डाची मार्कशीट, जात, उत्पन्न, डोमिसाइल आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेरीतून झाला का, हे पाहतात. आठवीतली एनएमएमएस ही परीक्षेची स्कॉलरशिप तेवढी तिची हुकली. ती सरकारी-अनुदानित शाळेतल्या पोरांचीच.

तुमची लेक आहे, हे तर उलट बरं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन कॅपमधून जागा घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की ही माफी गेली. हॉस्टेल नाही मिळालं, तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघा, खोलीभाडं-जेवणासाठी आहे.

आता टीसीचं, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचं. एकदा सतरा नंबरवाल्या एका पोराची फाइल मीच परत केली, लाल शाईनं 'टीसी नाही' असा शेरा मारून. बोर्डाचं मायग्रेशन, म्हणजे बोर्ड सोडल्याचं सर्टिफिकेट, मागं स्टेपल केलेलं होतं, मी पान उलटलंच नाही. बाप-लेक बाजाराच्या दिवशी दोनदा येऊन गेले. तिसऱ्या खेपेला आई आली अन् तिनं माझ्यासमोर ते पान उलटून धरलं. अजून आठवलं की लाज वाटते. एनआयओएस मायग्रेशन आणि ट्रान्सफर मिळून एकच सर्टिफिकेट देते. ते फाइलीत सगळ्यात वर लावा, बाबूवर विसंबू नका.

खरी गाठ पडते ती जातीच्या दाखल्यापाशी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर तिथली दाखल-खारीजची नक्कल काढा. नसतील गेले तर तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची. हे काम उन्हाळ्यातच उरका. जूनमध्ये दाखल्यांच्या सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते, अन् तुम्हाला तेव्हा पेरणी. जातीच्या दाखल्यानंतर नॉन क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी). सायन्सच्या पोरांची व्हॅलिडिटीची प्रकरणं कॉलेज पाठवतं, तुमच्या लेकीला कॉलेजच नाही, म्हणून तुम्हाला स्वतःच मागं लागावं लागेल.

पैसे फॉर्माला ज्याचं पासबुक जोडलं त्या खात्यात नाही, आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. बँकेत विचारून या.

आणि तिचा पाचवीचा शाळा सोडल्याचा दाखला हाताशी आहे का? सतरा नंबरच्या फॉर्मला तो जोडला असेल, तर शाळेतून त्याची नक्कल मागा. काढा, अन् जातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते हेडमास्तरांच्या टेबलापाशीच उभं राहून वाचा. नुसतं 'हिंदू' लिहून मोकळे झालेले दाखले मी ढीगभर पाहिलेत.