दम लागतो तेव्हा आधी मूठ सोडा

"मॅडम, आजार फुप्फुसाचा आहे. मग मन शांत करून काय होणार? का मी उगाच बाऊ करतोय असं म्हणायचंय तुम्हाला?"

सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे रुग्ण हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. फुप्फुस-पुनर्वसनाचे व्यायाम सुरू झाले की दमाची भीती कमी करायला शिकावं म्हणून फिजिओथेरपिस्ट त्यांना माझ्याकडे पाठवतात, आणि येताना ते थोडे दुखावलेलेच असतात. त्यातल्या एका काकांबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका साठी उलटलेले. ट्रेडमिलवर चार मिनिटं झाली की घाबरून उतरायचे. माझ्यासमोर बसले तेही बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावूनच. मला आधी दिसले ते त्यांचे हात. मुठी घट्ट आवळलेल्या, अंगठे आत, खांदे कानांपर्यंत चढलेले. जीव मुठीत धरून जगणं आपण नुसतं म्हणतो. इथे ते डोळ्यांना दिसत होतं.

पहिल्या तीन भेटींत मी कागदावर चित्र काढून समजावलं. या आजारात श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो. घाबरून श्वास भराभर घेतला, की आधीची हवा बाहेर पडण्याआधीच पुढची आत येते. छातीत हवा साठत जाते. काका मान हलवायचे. मुठी तशाच.

चौथ्या भेटीला लिफ्ट बंद होती. जिना चढून आले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. काकू काकुळतीने म्हणत होत्या, "दीर्घ श्वास घ्या हो, दीर्घ!" ते घ्यायला जात होते आणि आणखी गुदमरत होते. मी त्यांना खुर्चीवर पुढे झुकवून बसवलं, कोपरं मांड्यांवर टेकवली, हातातला छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरला. एवढंच म्हटलं, "घेऊ नका. सोडा." शीळ घालताना करतो तसे ओठ करून, दोन अंकांत नाकाने आत, चार अंकांत तोंडाने बाहेर. मग त्यांची एकेक मूठ उघडून तळहात वर करून ठेवली. खांदे आपोआप उतरले.

काही मिनिटांनी त्यांनी ऑक्सिमीटरकडे पाहिलं. 94 टक्के.

"म्हणजे मला हवा कमी पडत नव्हती?"

"मग काय वाटत होतं?"

बराच वेळ ते गप्प. मग हळूच म्हणाले, "छाती गच्च भरली होती. आणि मी आणखी भरत होतो."

तीन भेटी मी जे सांगत होते ते त्यांच्या शरीराने त्यांना पाच मिनिटांत पटवलं. घाबरलेलं मन शब्दांवर विश्वास ठेवत नाही, शरीराच्या अनुभवावर ठेवतं, या मताची मी पहिल्यापासूनच आहे. म्हणून मी विचारांशी वाद घालण्याआधी हातांकडे, खांद्यांकडे, जबड्याकडे बघते. आणि हो, दम खरा आहे, बाऊ नाही. भीती त्या दमावर आणखी दम चढवते, आणि तो वरचा थर उतरवता येतो.

त्यानंतर आम्ही स्नायू शिथिलीकरण घेतलं. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत: एकेक स्नायू आवळायचा, मग सोडायचा, आणि दोन्हींतला फरक ओळखायचा. फुप्फुसाच्या रुग्णांसाठी मी त्यात बदल करते. आडवं झोपून नाही, टेकून बसून. आवळणं हलकंच. आणि श्वास रोखायचा अजिबात नाही. बऱ्याच ध्वनिफितींत 'श्वास धरून ठेवा' असं सांगतात, ते सोडून द्या. सराव करायचा तो दम लागलेला नसताना, रोज दोनदा दहा-दहा मिनिटं. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

पण हे व्यायामाऐवजी नाही. दमाच्या भीतीने बसून राहिलं की पायांचे स्नायू कमजोर होतात, मग तेवढ्याच चालण्याला जास्त दम लागतो, मग माणूस आणखी बसतो. ही साखळी तुटते ती चालण्यानेच. पुनर्वसनाचा कार्यक्रम साधारण 6 ते 12 आठवड्यांचा असतो आणि त्यात थोडा दम लागणं अपेक्षितच असतं. शिथिलीकरण तो दम सोसायचं धैर्य देतं. जिना चढताना जोर लावायच्या क्षणी श्वास सोडायचा, हेही त्यातलंच.

एक मात्र लक्षात ठेवा. काकांचा आकडा 94 होता, सगळ्यांचा तसा असेलच असं नाही. काहींचा ऑक्सिजन चालताना खरोखर खाली येतो. तुमच्यासाठी किती आकडा ठीक, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बसून आणि इनहेलर घेऊनही दम उतरला नाही, ओठ निळसर झाले, छातीत दुखलं किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर सराव करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. बेडक्याचा रंग किंवा प्रमाण बदललं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

काकांच्या स्पायरोमेट्रीचे, म्हणजे जोरात फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीचे, आकडे होते तिथेच आहेत. ट्रेडमिलवर ते आता बारा मिनिटं चालतात. "तुम्ही नेमकं काय केलंत?" असं फिजिओथेरपिस्टने मला विचारलं, तेव्हा खूप बरं वाटलं. जिन्यात काकांना अजूनही थांबावं लागतं. काकू मात्र आता 'दीर्घ श्वास घ्या' म्हणत नाहीत. त्या शेजारी उभ्या राहतात आणि आपला तळहात उघडून दाखवतात.