पाण्याची लाट आणि इलेक्ट्रॉनची लाट: गणित सारखं, मग फरक कुठे?

प्रश्न असा आहे: व्यतिकरण (दोन लाटा एकमेकींवर येऊन कुठे वाढणं, कुठे मावळणं) दोन्हींचं होतं, तरंगलांबी दोन्हींना असते. पाण्याची लाट म्हणजे तरी असंख्य रेणूंची हालचालच. मग इलेक्ट्रॉनची लाट ही ‘पुष्कळ इलेक्ट्रॉनांनी मिळून केलेली लाट’ असं का म्हणू नये?

म्हणू नये, कारण ते प्रयोगात खोटं ठरलंय. तरीही हे स्पष्टीकरण इतक्या ठिकाणी इतक्या आत्मविश्वासानं दिलं जातं की मला त्याची मनापासून चीड आहे, म्हणून आधी तेच घेतो.

1989 साली जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. पुस्तकातल्या चित्रात असतात तशा दोन फटी नव्हत्याच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एक मायक्रॉनपेक्षा बारीक तार आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग केलेल्या पट्ट्या. तारेला साधारण 10 व्होल्ट धन दाब दिला की डावीकडून जाणारा भाग उजवीकडे झुकतो, उजवीकडचा डावीकडे, आणि खाली दोघे एकमेकांवर येतात. इलेक्ट्रॉनांना 50,000 व्होल्टनं वेग दिलेला. तेव्हा तरंगलांबी येते सुमारे 0.0054 नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या आकारापेक्षा कितीतरी लहान. त्यामुळे व्यतिकरणाचे पट्टे अतिशय बारीक पडतात आणि लेन्सनं मोठे केल्याशिवाय दिसत नाहीत.

खरी मेख आहे ती प्रवाहात. सेकंदाला साधारण हजार इलेक्ट्रॉन. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे 1.2 लाख किलोमीटर. भागाकार करा: एका इलेक्ट्रॉनामागे दुसरा सरासरी 100 किलोमीटरहून जास्त अंतरावर, आणि उपकरणाची लांबी जेमतेम दीड मीटर. पहिला पडद्यावर आदळून संपतो तेव्हा दुसरा बहुतेक वेळा निघालेलाही नसतो. गर्दी आणायची कुठून? दहा ठिपके पडले तेव्हा ते कुठेही विखुरलेले दिसत होते. काही हजार झाल्यावर पट्ट्यांची चाहूल लागली आणि सत्तर हजारांच्या आसपास पट्टे स्वच्छ उमटले. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलून पट्टे पाडत असते, तर प्रवाह कमी केल्यावर पट्टे पुसट व्हायला हवे होते. तसं होत नाही, चित्र पूर्ण व्हायला फक्त वेळ जास्त लागतो.

पाण्याची लाट काठावर येते तेव्हा तिची ऊर्जा सगळ्या काठावर वाटली जाते. इलेक्ट्रॉन मात्र दर वेळी एकाच ठिपक्यात अख्खा सापडतो. लाट सांगते ती ठिपका कुठे पडण्याची शक्यता किती, एवढंच. हा अर्थ मॅक्स बॉर्न यांनी 1926 मध्ये मांडला: तरंगफलाच्या, म्हणजे ही लाट मांडणाऱ्या गणिती फलाच्या, केवल मूल्याचा वर्ग म्हणजे संभाव्यतेची घनता.

इथे विद्यार्थी हमखास चुकतात, कारण ते थेट संभाव्यताच मिळवतात. आधी तरंगफलं मिळवायची, वर्ग नंतर. दोन्ही वाटांचा वाटा 1 धरला तर जुळलेल्या जागी 1 अधिक 1 म्हणजे 2, त्याचा वर्ग 4. विरुद्ध जागी 1 उणे 1, म्हणजे शून्य. कुठल्या वाटेनं गेला याची नोंद कुठेही उरली, मग ती कुणी वाचो वा न वाचो, की सगळीकडे सपाट 2 मिळतात आणि पट्टे जातात.

आता ‘हलतंय काय’ हा प्रश्न. पाण्याची उंची मीटरमध्ये मोजता येते. एका मितीतल्या तरंगफलाचं एकक मात्र ‘एक भागिले मीटरचं वर्गमूळ’, म्हणजे ती कशाचीच उंची नाही. पाण्याच्या लाटेचा आयाम दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. सगळं तरंगफल दुप्पट केलं तर भौतिक फरक शून्य, कारण एकूण संभाव्यता 1 करण्यासाठी पुन्हा भागावंच लागतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तळ्यात दोन दगड टाका, लाटा त्याच एका पृष्ठभागावर राहतात. दोन इलेक्ट्रॉनांचं तरंगफल मात्र आपल्या तीन मितींत मावतच नाही, त्याला सहा निर्देशांक लागतात. संगणकावर करून पाहा. प्रत्येक अक्षावर 100 बिंदू आणि प्रत्येक संमिश्र संख्येला (तरंगफलाची किंमत अशी, उणे एकचं वर्गमूळ असलेली, संख्या असते) 16 बाइट धरले तर एका इलेक्ट्रॉनाला 16 मेगाबाइट पुरतात. दोघांना 16 टेराबाइट. अवकाशात खरोखर काहीतरी पदार्थासारखं लाटतंय असं मानणाऱ्यांनी आधी या सहा मिती कुठे आहेत ते सांगावं.

समीकरणांतला फरक थोडक्यात: कंप पावणाऱ्या तारेच्या समीकरणात वेळेचं दुसरं विकलज असतं, तरंगफल कसं बदलतं ते सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणात पहिलं आणि सोबत उणे एकचं वर्गमूळ. ध्वनीच्या गणितात संमिश्र संख्या निव्वळ सोय म्हणून येतात, इथे त्या समीकरणातच आहेत. मुक्त इलेक्ट्रॉनाचा 0.1 नॅनोमीटर पसाऱ्याचा तरंगपुंज (थोड्या जागेत एकवटलेली लाट) सेकंदाच्या कोट्यंशाच्या कोट्यंशापेक्षाही कमी वेळात, नेमकं सांगायचं तर 3 गुणिले 10 चा उणे 16 वा घात इतक्या सेकंदांत, दुप्पट पसरतो. अर्थात पसरणं ही एकट्या क्वांटमची खूण नव्हे. खोल पाण्यातही लांब लाटा पुढे जातात, आखूड मागे राहतात.

आणखी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हे सगळं इलेक्ट्रॉनासारख्या कणांबद्दल आहे. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र म्हणजेच फोटॉनाचं तरंगफल, असं यावरून धरू नका. आणि तरंगफल हे वास्तव आहे की फक्त आपल्या माहितीचा हिशेब, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. वरचे आकडे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहेत.

शिकवत असाल तर एक विनंती: नागमोडी रेषेवरून मण्यासारखा घरंगळणारा इलेक्ट्रॉन काढू नका. ती रेषा त्याची वाट नाही. आलेख काढलाच तर उभ्या अक्षावर ‘तरंगफलाचा वास्तव भाग’ असं लिहा, आणि त्याखाली वर्गाचा आलेख वेगळा काढा.