साक्षीदार वेगवेगळ्या घरांतले हवेत

सोलापूर

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रात भूकंपाची पूर्वसूचना देण्यासाठी जोडलेले बारा सेन्सर, चार फोन आणि त्यांचे आकडे एकत्र करण्याची तीन सूत्रे आहेत, आणि त्यांतले कोणते निवडावे यापाशी तू अडला आहेस. ते बारा सेन्सर कोठे बसवले आहेत, हे मात्र तू एका ओळीनेही लिहिलेले नाहीस, आणि मला रात्रभर तेच खटकत राहिले.

एकाच भिंतीवरची, एकाच वीजजोडणीवरची दहा यंत्रे म्हणजे एकाच साक्षीदाराचे दहा वेळा बोलणे. ही चूक मी केली आहे. पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात मी दोन त्वरणमापक, म्हणजे हादरा मोजणारी यंत्रे, एकाच तुळईवर बसवले होते. गेलेली वीज परत आली, सगळे माग एकदम सुरू झाले, दोन्ही यंत्रांनी एकमुखाने ग्वाही दिली आणि भोंगा वाजला. जिन्यात धावाधाव होऊन एका वयस्क कामगाराचा हात मोडला. पुढच्या आठवड्यात कोणीतरी भोंग्याची तार काढून टाकली, आणि ती पुन्हा जोडा असे सांगायला मला तोंड उरले नव्हते.

म्हणून साक्षीदार वेगवेगळ्या घरांतले हवेत. एक त्वरणमापक खडकावर पक्का बसवलेला, दुसरा वेगळ्या गावातला आणि वेगळ्या विजेवरचा. फोन रात्री टेबलावर निश्चल पडलेला असताना कामाचा असतो, दिवसा खिशात असताना जवळजवळ निरुपयोगी. तेव्हा त्याच्या शब्दाचे वजन दिवसभर सारखे कसे धरतोस? जमीन प्रत्यक्ष किती सरकली हे उपग्रहांवरून स्थान ठरवणारी जीपीएससारखी यंत्रे सांगतात, आणि फार मोठ्या भूकंपात त्यांचीच साक्ष मोलाची ठरते; २०११ साली जपानमध्ये नुसत्या हादऱ्यावरून काढलेले सुरुवातीचे अंदाज ८ च्या आसपास अडकले, भूकंप मात्र ९ तीव्रतेचा होता. या सर्वांची घड्याळे जुळलेली नसतील, तर तुझी तिन्ही सूत्रे कागदावरच राहतील.

तू म्हणशील, दुसऱ्या साक्षीसाठी थांबण्यात दोन सेकंद जातात. जातात, आणि तेवढ्यात एस-लहर, म्हणजे पहिल्या सौम्य लहरीमागून येणारी भूकंपाची विध्वंसक लहर, सुमारे सात किलोमीटर पुढे सरकते, ज्यांत माणसे राहतात. सहकाऱ्यांनी मला हेच सुनावले होते, आणि ते आकडे खोटे नव्हते. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठव. विसर्जन आटोपून गावे झोपली होती, आणि किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या. तेथे भूकंपाच्या अगदी माथ्यावर कोणतीच पूर्वसूचना वेळेत पोचली नसती. तेथे घर पक्के असणे हाच उपाय होता. सोलापूर तेथून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. एस-लहरीला हे अंतर कापायला वीसहून अधिक सेकंद लागतात, म्हणून दोन सेकंद थांबूनही येथे माग बंद करायला आणि जिन्यापासून दूर व्हायला वेळ उरतो. त्या मोडलेल्या हाताने मला भित्रे केले असे काहीजण म्हणतात. मला ते मान्य नाही. तार काढलेला भोंगा किती सेकंद आधी वाजतो, ते त्यांनी मला सांगावे.

रविवारी ये. सूत्रे घरी ठेव. बारा सेन्सरांचा नकाशा आण, आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर व कोणाच्या वीजमीटरवर आहे, ते स्वतः पाहून लिहून आण.

तुझा शुभचिंतक