आईला हाशिमोटो थायरॉईड आहे. तिची प्रतिकारशक्ती कमी झाली असेल का?

तुम्ही एका प्रश्नात चार प्रश्न विचारले आहेत. आईला हाशिमोटो आहे, थायरॉईडविरुद्धच्या टीपीओ अँटीबॉडीज सहाशेच्या वर आहेत, ती मालवणजवळ गावी असते आणि सांगूनही न ऐकता लावणीला चिखलात उतरते. तुम्ही ठाण्यात. थायरॉईडमुळे तिची प्रतिकारशक्ती कमी होऊन लेप्टो (पावसाळ्यात चिखल-पाण्यातून होणारा ताप) पटकन होईल का, ती वाढवायला अश्वगंधा-गुळवेलाचा काढा पाठवू का, मासे नि मीठ बंद करू का, आणि अँटीबॉडीज दर तीन महिन्यांनी तपासू का.

मी डॉक्टर नाही. कुडाळ भागातल्या एका लॅबमध्ये रक्त घेते आणि मशीन सांभाळते. पण पावसाळ्यात हा प्रश्न खिडकीवर रोज येतो. "माका थायरॉईड आसा, म्हणान सारको ताप येता काय गो?" तेव्हा जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

नाही. आईची थायरॉईडची गोळी चालू असेल आणि टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा, मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारा हार्मोन) ठिकाणावर असेल, तर लेप्टो, डेंग्यू किंवा साध्या सर्दीचा धोका तिला शेजारणीपेक्षा जास्त आहे असं मानायला आधार नाही. हाशिमोटोत प्रतिकारशक्ती कमी होत नाही, तिचा नेम चुकतो. राखणदार जागाच आहे, फक्त घरातल्या एका माणसाला त्याने परका ठरवलंय. बाहेरच्यांशी तो पूर्वीसारखाच भांडतो.

हे कळायला विज्ञानालाही वेळ लागला. हाकारू हाशिमोटो या तरुण जपानी सर्जनने १९१२ साली चार बायकांच्या काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्या लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींनी खच्चून भरलेल्या. त्या पेशी तिथे काय करत होत्या हे त्याला सांगता आलं नाही, कारण शरीर स्वतःवरच हल्ला करत नाही हीच त्या काळची ठाम समजूत होती. उत्तर थेट १९५६ साली मिळालं. अमेरिकेत बफेलोमध्ये रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांना थायरॉईडचा अर्क टोचून ग्रंथीला तशीच सूज आणून दाखवली. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या.

तुमच्या रिपोर्टमधलं टीपीओ म्हणजे हार्मोन बनवताना आयोडीन जोडून देणारं एन्झाइम. ग्रंथीची मुख्य नासधूस टी-पेशी, म्हणजे लिंफोसाइटचाच एक प्रकार, करतात. टीपीओ अँटीबॉडी ही बरीचशी त्या भांडणाची खूण असते. म्हणून सहाशेचे नऊशे झाले की आजार दीडपट वाढला, असा हिशेब नसतो. ग्रेव्ह्ज आजारात मात्र अँटीबॉडी स्वतःच कामाला लागते. ती टीएसएचच्या जागी जाऊन बसते आणि ग्रंथीला थांबू देत नाही. म्हणजे प्रतिकारशक्तीची गडबड तीच, पण एकीचा थायरॉईड मंदावतो नि दुसरीचा सुसाट सुटतो.

आता उलट बाजू, म्हणजे हार्मोनचा प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम. मला स्वतःला ही बाजू जास्त आवडते. पांढऱ्या पेशी थायरॉईड हार्मोन आत घेतात आणि वापरतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी टी-फोर या थायरॉईड हार्मोनचं त्याच्या जोरकस रूपात, टी-थ्रीत, रूपांतर करून घेतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या पेशी, हार्मोन मोडून त्यातलं आयोडीन सुटं करतात, आणि ते जंतू मारायला उपयोगी पडतं असं दिसून आलंय. म्हणून हार्मोन फारच कमी पडला तर फरक पडतोच. वर्षानुवर्षं उपचार न घेतलेल्या, अंग थंड पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसात जंतुसंसर्ग होऊनही ताप चढत नाही, आणि तोच संसर्ग त्याला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. ही टोकाची अवस्था झाली, रोज गोळी घेणारी आई त्यात बसत नाही. फक्त एक सांगून ठेवा: तापात जेवण जात नाही म्हणून थायरॉईडची गोळी बंद करायची नाही.

ताप आणि थायरॉईडचा खरा घोळ आमच्याकडे गणपतीत दिसतो. चाकरमानी गावी येतात, आईवडिलांना घेऊन लॅबमध्ये येतात आणि 'फुल बॉडी पॅकेज' करून टाकतात. त्यातले काही म्हातारे नुकतेच तापातून उठलेले असतात, एखादा तर ओरोसच्या सरकारी रुग्णालयातून घरी आलेला असतो. मोठ्या आजारात शरीर मुद्दाम हार्मोनचा खर्च आवरतं. संसर्गाशी लढताना सुटणारी इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं मेंदूपासून यकृतापर्यंत सगळीकडे निरोप देतात, टी-थ्री खाली येतो आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा कमी दिसतो. बरं होताना टीएसएच काही दिवस वर उसळतो, कधी पंधरा-वीसपर्यंतही. नेमक्या त्याच आठवड्यात रक्त दिलं की रिपोर्टवर लाल खूण येते, मुलगा घाबरतो, आणि नको असलेली गोळी सुरू होते किंवा असलेली वाढते. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर साठीच्या पुढच्या बाईचं हृदय अनियमित धडधडायला लागतं, हाडं ठिसूळ होतात. म्हणून ताप गेल्यावर निदान सहा आठवडे थांबून टीएसएच करावा. हे खिडकीवर सांगितलं तर लोक म्हणतात, "आता इलंय तर करून टाक." काय बोलणार!

पॅकेज करायला येणाऱ्यांपैकी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणारे लोकही आम्हाला चकवतात. बायोटिनमुळे काही मशीनवर थायरॉईडचे आकडे खोटे येतात. तपासणीच्या दोन दिवस आधी त्या बंद करा.

काढ्याबद्दल मी जरा कडक बोलते. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उठलेली असताना तुम्ही नेमकं काय वाढवणार आहात? अश्वगंधेने थायरॉईड हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत. गोळीवर असलेल्या बाईला ते चालू केलं, की टीएसएच का हलला हे डॉक्टरांनाही कळत नाही. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये ऑटोइम्यून, म्हणजे शरीराने स्वतःवरच हल्ला करण्याच्या, धर्तीची यकृताची इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला. वाद कुठे जायचा तिथे जाऊ दे, पण आधीच ऑटोइम्यून आजार असलेल्या आईवर प्रयोग नको. सेलेनियमच्या गोळ्यांनी अँटीबॉडीचा आकडा थोडा उतरतो, पण त्यामुळे आजार सुधारतो हे सिद्ध झालेलं नाही.

मासे बंद करू नका. कोकणात आईला बांगडा बंद करणं म्हणजे शिक्षाच, आणि ती विनाकारण. आयोडीनचा अतिरेक झाला तर ऑटोइम्यून थायरॉईड चिडतो हे खरं. डेन्मार्कने २००० साली मिठात आयोडीन सक्तीचं केल्यावर मंदावलेल्या थायरॉईडचे रुग्ण थोडे वाढलेले आढळले. पण तुमच्या घरच्या मिठाचा हिशेब करून बघा. पाकिटातल्या मिठात आपल्या हातात पडेपर्यंत किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोला १५ मिलिग्रॅम, आयोडीन असावं असा नियम आहे. दिवसाला दहा ग्रॅम मीठ म्हणजे १५० मायक्रोग्रॅम, बरोबर मोठ्या माणसाची गरज. यात अतिरेक कुठे आला? शिरोड्याच्या मिठागराचं खडे मीठ लोणच्याला, मासे खारवायला घ्या, पण रोजच्या जेवणाला पाकिटातलंच, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. टाळायची गोष्ट म्हणजे ऑनलाईन मिळणाऱ्या समुद्री शैवालाच्या, केल्पच्या गोळ्या. त्यात आयोडीन कधीकधी गरजेच्या कितीतरी पट असतं.

लेप्टोसाठी जे करायचं त्याचा थायरॉईडशी संबंध नाही. पायाला चीर असेल तर चिखलात उतरायचं नाही, उतरायचंच तर गमबूट, आणि आरोग्य केंद्रात विचारून डॉक्सीसायक्लिन ही प्रतिबंधक गोळी. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, यातलं काही दिसलं तर घरी थांबायचं नाही.

थायरॉईडच्या उपचारात प्रतिकारशक्ती खरोखर कोसळू शकते अशी एक जागा आहे, पण ती आईची नाही. थायरॉईड जास्त असलेल्यांना कार्बिमाझोल देतात. त्यातल्या फार थोड्या जणांमध्ये, हजारात दोन ते पाच, न्यूट्रोफिल अचानक जवळजवळ नाहीसे होतात. त्या गोळीवर असताना घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायची. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर एवढं नक्की सांगा.

आणि तुमचं स्वतःचं. हा आजार घराण्यात चालतो आणि बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. बाळाचा विचार असेल तर एकदा टीएसएच आणि टीपीओ करून घ्या. गरोदरपणात प्रतिकारशक्ती स्वतःहून नमतं घेते, अँटीबॉडीज उतरतात, आणि बाळंतपणानंतर सगळं उसळून परत येतं. पहिल्या तिमाहीत टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या बायकांपैकी तिघींत एकीला, काही पाहण्यांत निम्म्या जणींना, बाळंतपणानंतर थायरॉईडची सूज येते. थकवा, रडू, धडधड, आणि घरचे म्हणतात बाळंतिणीला असंच होतं.

आईच्या टीपीओवर पुन्हा पैसे घालवू नका, तो एकदा पॉझिटिव्ह आला की काम झालं. टीएसएच ठीक असेल तर वर्षातून एकदा, डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, पेज आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी. पावसात गोळ्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ती मोरीपासून लांब ठेवायला सांगा, ओलीने गोळ्यांचा जोर उतरतो. हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर बी-१२ तपासा. हाशिमोटोवाल्यांच्या पोटातही कधीकधी हेच भांडण चालू असतं आणि मग बी-१२ अंगी लागत नाही.