तटस्थ, पण कशाबद्दल?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन पानांत ‘संभ्रम’ हा शब्द सहा वेळा आलाय. संभ्रम वगैरे काही नाही, तुला राग आलाय. तू कोळशाच्या प्रकल्पाविरुद्ध धरण्याला बसलीस, तिथे एका पेशंटने तुला पाहिलं, पुढच्या सेशनला त्याने विचारलं, “मॅडम, तुम्हीच होतात ना?” आणि तू विषय बदललास. त्यात सिनियरांनी सुनावलं, की सायकियाट्रिस्टची जागा खोलीत असते, रस्त्यावर नाही. तटस्थता गेली की उपचार गेले.

धरण्याला गेलीस त्यात काही चुकलं नाही. विषय बदललास ते चुकलं. “हो, मीच होते. मला तिथे पाहून तुम्हाला काय वाटलं?” एवढंच म्हणायचं होतं. त्याला आधार वाटला असेल, किंवा धास्ती वाटली असेल की या बाई आता मलाही घोषणा द्यायला लावणार. दोन्ही बोलण्यासारखं होतं. तू ते घालवलंस. असो. मी याहून मोठं घालवलंय.

तटस्थता माणसाबद्दल पाळायची, वस्तुस्थितीबद्दल नाही. पेशंटने मूल होऊ द्यावं का, आईशी बोलणं तोडावं का, मत कुणाला द्यावं, यात तुझं मत शून्य. पण कोळसा, तेल, वायू जाळून पृथ्वी तापते आहे आणि त्या उष्म्यात आपलेच पेशंट मरतात, यात तटस्थ कसलं राहायचं? क्षयरोगाचा डॉक्टर जंतूंबद्दल तटस्थ असतो का?

मला हे उशिरा कळलं. माझा एक पेशंट नऊ वर्षं लिथियमवर, म्हणजे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर, स्थिर होता. चित्रकला शिकवायचा. उष्णतेच्या लाटेच्या एका आठवड्यात तो आला तेव्हा हात कापत होते. फॉर्मवर सही करताना पेन रेघेवरून घसरलं आणि सही वेडीवाकडी होत कागदाच्या कडेपर्यंत गेली. चित्रकाराची सही! मी ते पाहिलं, आणि विचारलं काय, तर “घरी काही ताण आहे का?” ताण होता, कुणाला नसतो? एक गोळी वाढवून पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी तो ॲडमिट झाला, रक्तातलं लिथियम विषाच्या पातळीला पोचलेलं. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात. परीक्षेत हे मी लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. बाहेर ऊन भाजत होतं आणि मी त्याच्या घरातला ताण शोधत बसले होते. तो वाचला. माझ्याकडे पुन्हा आला नाही.

मग मी एका पानाची सूचना लिहिली. उष्ण दिवसांत लिथियमची लेव्हल तपासा. अँटीसायकोटिकमुळे, म्हणजे भास-भ्रमांवरच्या गोळ्यांमुळे, शरीराला स्वतःचं तापमान सावरणं जड जातं. काही गोळ्यांनी घामच कमी येतो. एकट्या राहणाऱ्या पेशंटना फोन करा. शेवटी एक वाक्य होतं: उन्हाळे असे का झाले, हेही आपण जाहीरपणे बोललं पाहिजे. प्रमुख म्हणाले, बाकी उत्तम, शेवटचं वाक्य काढा, ते राजकारण आहे. मी काढलं. नोकरी नवी होती, घरात आजारपण होतं, डोक्यावर कर्ज होतं. सबबी आहेत, मान्य; पण खऱ्या आहेत. पुढे मी बदलले, इतकी की एका समितीतून उठून आले आणि दोन जुने मित्र गमावले. ताठर बाई म्हणतात मला. म्हणोत. तेव्हा ते वाक्य खोडलं नसतं तर कदाचित मी एवढी ताठर झालेही नसते.

२०२१च्या जूनमध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात उष्णतेची लाट आली, ६१९ माणसं गेली. त्या दिवसांतले मृत्यू आणि जुनाट आजार यांचा संबंध तपासला, तेव्हा सगळ्यांत वर निघाला स्किझोफ्रेनिया. हृदयविकार नाही, मूत्रपिंड नाही. आपला आजार! २०१८च्या एका अभ्यासाप्रमाणे महिन्याचं सरासरी तापमान १ अंशाने वाढलं की आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेत ०.७ आणि मेक्सिकोत २.१ टक्क्यांनी वाढतं. या १ अंशावर कुठली गोळी लिहून देणार आहेत तुझे सिनियर?

आणि जे घाबरलेत त्यांचं काय? २०२१मध्ये १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० मुलांना विचारलं, तर ५९ टक्के हवामानबदलाने खूप किंवा अतिशय चिंतेत होती. अशा एका मुलीकडून मी वहीत तीन रकाने भरून घेतले होते: विचार, पुरावा, पर्यायी विचार. पुराव्याचा रकाना पान संपेपर्यंत भरला. पर्यायी विचाराचा कोराच राहिला. मी म्हटलं, प्रयत्न कर. कसला प्रयत्न? तिचं वाचन माझ्यापेक्षा पक्कं होतं. हवामानाची चिंता आजार म्हणून निदानाच्या याद्यांत, ना डीएसएम-५मध्ये आहे ना आयसीडी-११मध्ये, आणि ती तिथे जाऊही नये. एकदा निदानाचा शिक्का बसला की मुलीवर उपचार सुरू होतात आणि चिमणी आपली धूर ओकत राहते.

‘हे आपलं काम नाही’ हे तू पहिल्यांदा ऐकते आहेस, म्हणून तुला लागलंय. बर्नार्ड लाउन हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांचा अण्वस्त्रांशी काय संबंध? शीतयुद्धात १९८० साली त्यांनी सोव्हिएत डॉक्टरांबरोबर संघटना काढली, कारण अणुयुद्धानंतर डॉक्टरच्या हातात काहीच उरणार नाही. १९८५चं शांततेचं नोबेल त्या संघटनेला मिळालं. आपल्यातल्या हॅरल्ड सर्ल्सने तर १९७२मध्येच लिहून ठेवलंय, की पर्यावरणाच्या संकटावर मनोविश्लेषक गप्प का. तेव्हा मी शाळेत होते. आज निवृत्त आहे, आणि तुझे सिनियर अजून खोलीच्या गोष्टी सांगताहेत.

आता तुला झोंबेल असं एक. पेशंटला आंदोलनात ओढायचं नाही. त्याने विचारलं तरी पत्रक हातात द्यायचं नाही, सह्या गोळा करायच्या नाहीत. तुझी स्वतःची भीती घोषणा देऊन कमी होत असेल तर होऊ दे, पण तोच उतारा त्याच्या गळ्यात मारू नकोस. पुन्हा तेच सांगते: माणसाबद्दल तटस्थ राहा, वस्तुस्थितीबद्दल नाही. तुझ्या पत्रात या दोन्हींचा गुंता झालाय. सिनियरांच्या डोक्यातही तोच आहे, पण त्यांनी मला पत्र लिहिलेलं नाही.

ऊन वाढायच्या आत तुझ्या ओपीडीतल्या लिथियमवरच्या पेशंटची यादी कर, फोन नंबरांसकट. विभागात सूचना लाव, आणि शेवटचं वाक्य काढायला सांगितलं तर काढू नकोस. तुला धरण्याला पाहिलेला तो पेशंट पुढच्या आठवड्यात येईल तेव्हा विषय तू काढ. काय झालं ते कळव. या वेळी एका पानात.

तुझी,
मॅडम