उत्तर: मे महिन्यातल्या मातीचे आकडे वेडेवाकडे का येतात

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि माझा एमएस्सीचा प्रबंधच डोळ्यांपुढे आला. तुमचंही तेच: सागाखालची माती, १५ ते ४५ अंशांपर्यंत उबवण, बीटा-ग्लुकोसिडेज (सेल्युलोज तोडायला मदत करणारं मातीतलं एन्झाइम) तापमानाबरोबर चढत जायला हवं तर तीन पिशव्यांचे तीन सूर, आणि गाईड म्हणतात "परत करा". परत करू नका, निदान घाईने तरी.

तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट, वगैरे तुम्हाला माहीतच असेल. मला वेगळंच विचारायचंय. माती जंगलातून फ्रिजपर्यंत आली कशी?

माझं सांगतो. चंद्रपूरकडून नमुने घेऊन निघालो, वाटेत एका कार्यालयात पत्रावर शिक्का हवा होता. नाव घेत नाही, अजून कामं पडतात तिथे. साहेब दौऱ्यावर, बाबू जेवायला. जेवून आला तर म्हणे पत्रावर जावक क्रमांक नाही. सव्वाअकराला गेलो, साडेचारला सुटलो. पिशव्या डिक्कीत, गाडी उन्हात, बाहेर ४५ अंश. डिक्की उघडली तर पॉलिथिनला आतून घाम फुटलेला. गाठ सोडली तसा पहिल्या पावसाचा वास आला, आणि मी खूश, माती जिवंत आहे म्हणून! फ्रिजात चार अंशांना ठेवली आणि पुढचे सहा महिने आकडे जुळवत बसलो.

त्या पाच तासांत काही सूक्ष्मजीव मेले असणार. त्यांच्या पेशींतलं साधं अन्न बाहेर आलं, वाचलेल्यांनी त्यावर ताव मारला, म्हणून मातीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड फुगला. एन्झाइम थोडं बिघडलं, चिकणमातीला चिकटलेलं टिकलं. वर कोपऱ्यातली पिशवी जास्त भाजली, मधली कमी. थोडक्यात, माझ्या प्रबंधात डिक्कीचं तापमान छापून आलं.

आणि हे माझं मत, पटलं तर घ्या: आपल्याकडे मे महिन्यात ऊन भरपूर, पण मातीत पाणी नाही. पाण्याचा पापुद्राच नसेल तर एन्झाइम पालापाचोळ्यातल्या सेल्युलोजपर्यंत पोचणार कसं? विघटन तेव्हा जवळपास थांबलेलं असतं. खरा धडाका मृगाच्या पहिल्या सरीला. वाळलेली माती भिजली की कार्बन एकदम सुटतो, बर्च नावाच्या संशोधकाने १९५८ मध्येच ते मांडलंय. प्रयोगशाळेत पाणी घालून ४५ अंशांना मोजायचं आणि त्यावरून वर्षभराचा कार्बन किती गेला ते काढायचं, हे मला तरी पटत नाही. ऑगस्ट आणि नोव्हेंबरचे नमुने घ्याच. (मी आता ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, मृदाशास्त्रज्ञ नाही. गाईडला विचारूनच करा, नंतर माझं नाव सांगू नका.)

बर्फ मासळीवाल्याकडे मिळतो, थर्माकोलची पेटी घ्या, पण पिशवी बर्फाला टेकू देऊ नका. एन्झाइम आपण पिवळ्या रंगावरून मोजतो आणि काळ्या मातीचा अर्क मुळातच पिवळसर असतो, तेव्हा प्रत्येक नमुन्याचा वेगळा कंट्रोल (तुलनेसाठी, एन्झाइमची क्रिया न होऊ देता ठेवलेली नळी) लावा, नाहीतर मातीचा रंगच एन्झाइम म्हणून मोजाल. आणि तापमान मोबाइलवरचं हवेचं लिहू नका हो, पाचोळा सारून पाच सेंटिमीटरवर थर्मामीटर खुपसा.

पिशव्या किती वाजता भरल्या, फ्रिजात किती वाजता गेल्या आणि ओलावा किती टक्के होता, तेवढं टाका. नुसत्या तक्त्याच्या फोटोवरून मला काही सांगता येणार नाही.