आपली बीअर दुसऱ्या घरी नांदायला जाते तेव्हा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेली बारा वर्षे मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. दर उन्हाळ्यात आम्ही चार मराठी कुटुंबे डेलावेअर राज्यातल्या रेहोबथ बीचला जातो आणि तिथल्या डॉगफिश हेडच्या पबमध्ये एक संध्याकाळ हमखास काढतो. 2019 साली ही ब्रुअरी ‘सॅम्युअल ॲडम्स’वाल्या बॉस्टन बीअर कंपनीत विलीन झाली आणि तेव्हापासून आमच्यात दोन तट पडले आहेत. एक मित्र म्हणतो, ‘विकली गेली, संपली’. त्यांच्या ‘60 मिनिट आयपीए’ या कडवट बीअरची चव उतरली, असे तो छातीठोकपणे सांगतो. माझ्या पत्नीचे म्हणणे असे की चव तीच आहे, बदलले आहे ते ह्या मित्राचे डोके. खरे कोणाचे मानावे?
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : वहिनींचे पारडे मला जड वाटते, पण तुमच्या मित्राचा राग निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्या रागाचे कारण पेल्यात नसून पेल्याबाहेर आहे, एवढेच.

आधी व्यवहार नीट समजून घेऊ. 9 मे 2019 रोजी तो जाहीर झाला. किंमत सुमारे 30 कोटी डॉलर. त्यापैकी सुमारे 17 कोटी 30 लाख रोख आणि उरलेले बॉस्टन बीअरच्या शेअरच्या रूपात. दोन्ही कंपन्यांनी ‘विलीनीकरण’ हा शब्द वापरला, तरी बॉस्टन बीअर होती तशीच शेअर बाजारात राहिली आणि डॉगफिश हेड तिच्या पोटात गेली, म्हणजे हिशेबाच्या भाषेत ही सरळ खरेदीच होती. डॉगफिशचे संस्थापक सॅम कॅलाजोनी यांच्या कुटुंबाने मात्र आपल्या मोबदल्याचा मोठा भाग शेअरमध्येच घेतला आणि ते स्वतः बॉस्टन बीअरच्या संचालक मंडळावर गेले. पैसे मोजून घेऊन समुद्रकिनारी निवांत बसलेल्या मालकाची ही गोष्ट नाही, हे तुमच्या मित्राला अवश्य सांगा.

आता रागाकडे वळू. कॅलाजोनी यांनी 1995 साली रेहोबथला पब काढला तेव्हा डेलावेअरमध्ये पबमध्ये बीअर गाळून विकण्याची कायद्याने सोयच नव्हती. ती करून घेण्यापासून त्यांची सुरुवात होती. एका वेळी दहा-बारा गॅलन, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या पातेल्यांत मावेल इतकीच बीअर ते करत. ‘90 मिनिट आयपीए’ची कल्पना त्यांना दूरदर्शनवर सूप करताना सुचली, म्हणजे सूप दुसराच एक स्वयंपाकी करत होता आणि हे पाहत होते. तो उकळत्या सुपात मिरपूड एकदम न घालता चिमटीचिमटीने घालत होता. हॉप्सही (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) तसेच घातले तर, असा विचार करून त्यांनी लहान मुलांच्या खेळातला, विजेवर थरथरणारा फुटबॉलचा पत्रा आणला, वर भोके पाडलेली हॉप्सची बादली बसवली आणि सगळे उकळत्या काढ्याच्या भांड्यावर तिरके धरले. पत्रा थरथरत राहिला, हॉप्स एकसारखे खाली पडत राहिले. तुमची ‘60 मिनिट’ ही याच युक्तीची धाकटी बहीण. उकळीच्या साठ मिनिटांत हॉप्स अखंड पडत राहतात म्हणून ते नाव.

अशा गोष्टी आपण बीअरबरोबर विकत घेतलेल्या असतात. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी वीस-पंचवीस वर्षे ग्राहकाला हेच सांगितले की बाजार दोन-तीन अजस्र कंपन्यांच्या हातात आहे, आमची बीअर महाग असली तरी ती घेतलीत तर तुम्ही त्यांच्याविरुद्ध उभे राहता. ग्राहकाने त्या म्हणण्यावर विश्वास ठेवून वरचे पैसे मोजले. सिअॅटलच्या एलिशियन ब्रुअरीने तर एका बीअरवर ‘कंपन्यांची बीअर अजूनही टाकाऊच’ अशा अर्थाचे वाक्य छापले होते; 2015 साली तीच ब्रुअरी ‘बडवायझर’वाल्या अनहायझर-बुशला विकली गेली, तेव्हा त्या वाक्याची लोकांनी केलेली थट्टा पाहण्यासारखी होती. मालकी हाच ज्या मालाचा अर्धा स्वाद म्हणून विकला गेला, त्याची मालकी बदलल्यावर स्वाद बदलल्यासारखा वाटला, तर त्यात पिणाऱ्याचा दोष थोडाच आहे.

तरीही डॉगफिशच्या बाबतीत गदारोळ मवाळ होता. 2011 साली शिकागोची गूज आयलंड 3 कोटी 88 लाख डॉलरना अनहायझर-बुशकडे गेली तेव्हा तिच्या चाहत्यांना घरातले माणूस फितूर झाल्यासारखे वाटले होते. 2017 साली ॲशव्हिलची विकेड वीड त्याच कंपनीच्या मूळ मालकांकडे गेली, तेव्हा पिणाऱ्यांबरोबर ब्रुअऱ्याही उठल्या. विकेड वीडच्या महोत्सवातून अनेकांनी नावे काढून घेतली आणि टेक्सासच्या जेस्टर किंगने त्यांची बीअर आपल्याकडे विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. डॉगफिशला घेणारा मात्र शत्रूच्या गोटातला नव्हता. बॉस्टन बीअरचे संस्थापक जिम कोच (ते स्वतः आडनावाचा उच्चार ‘कुक’ असा करतात) यांनी 1984 साली आपल्या खापरपणजोबांच्या कृतीवरून लागर बीअर काढून छोट्या ब्रुअऱ्यांची ही चळवळ उभी करण्यात मोठा वाटा उचलला होता. दोघांची मिळून अमेरिकेच्या बीअर बाजारातली जागा दोन टक्क्यांहूनही कमी होती. त्यामुळे बहुतेकांची प्रतिक्रिया, ‘जायचेच होते तर निदान बऱ्या घरी गेली’, अशी पडली. कुरकुर झाली ती दुसऱ्याच बाजूने : ज्या कंपनीचा गल्ला चवीच्या सोड्यासारख्या ‘ट्रुली’वर आणि गोड्या चहाच्या ‘ट्विस्टेड टी’वर, म्हणजे बीअर नसलेल्या मद्यांवर भरतो, ती बीअरची काळजी किती घेणार? ही शंका मला रागापेक्षा अधिक मोलाची वाटते. ट्रुलीची लाट 2021 मध्ये अचानक ओसरल्यावर कंपनीला मोठा साठा फेकून द्यावा लागला, आणि 2024 मध्ये डॉगफिश हेड या नावाचे मूल्य हिशेबवहीत कोट्यवधी डॉलरनी खाली आणावे लागले. म्हणजे या लग्नात सासरचीही चांदी झालेली नाही.

एक गोष्ट तुमच्या गप्पांत बहुधा निसटली असेल. डॉगफिश हेडने 2015 मध्येच आपला पंधरा टक्के हिस्सा एलएनके पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीला विकला होता. पिणाऱ्यांनी तेव्हा फारसे मनावर घेतले नाही. पण असा गुंतवणूकदार जन्मभरासाठी येत नाही. काही वर्षांनी त्याला पैसे मोकळे करून हवे असतात आणि त्या दिवशी कोणी ना कोणी घेणारा शोधावा लागतो. मित्राला रागवायचेच असेल तर त्याने तारीख चार वर्षे मागे न्यावी.

चवीबद्दल शेवटचे. आयपीएतला हॉप्सचा वास फार नाजूक असतो. उबेत आणि उजेडात ठेवलेली बीअर दोन-तीन महिन्यांत मवाळ होते, पुढे तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारू लागतो. मागे एका दुकानात मी एका नावाजलेल्या आयपीएचा कॅन घेतला, घरी येऊन पहिला घोट घेतला आणि ब्रुअरीला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. मग कॅन उलटा करून तळावरचे पाण्याचे थेंब अंगठ्याने पुसले, तर भरल्याची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. शिव्या दुकानदाराच्या वाट्याच्या होत्या. तुम्ही एकाच महिन्यात भरलेले दोन कॅन आणा, त्यांतला एक महिनाभर गॅरेजमध्ये उबेत ठेवा, दुसरा फ्रिजमध्ये, आणि मित्राला नाव न सांगता दोन्ही पाजा. मालक एकच असताना चव किती बदलते ते त्याला कळेल.

प्रश्न : काही कॅनवर उलट्या बाटलीची खूण असते. ती असली की ती ब्रुअरी स्वतंत्र, असे मानायचे का? आणि मग डॉगफिश हेड विकली जाऊनही ‘क्राफ्ट’, म्हणजे छोटी आणि स्वतंत्र, कशी?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : ती खूण ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकेतल्या संघटनेने 2017 साली आणली. तिच्या व्याख्येनुसार वर्षाला 60 लाख बॅरलपर्यंत बीअर करणारी आणि क्राफ्टबाहेरच्या मद्यकंपनीची मालकी पंचवीस टक्क्यांहून कमी असलेली ब्रुअरी ‘क्राफ्ट’ ठरते. बॅरल म्हणजे सुमारे 117 लिटर. म्हणजे सत्तर कोटी लिटर करणारी ब्रुअरीही ‘लहान’च. ही मर्यादा आधी 20 लाख बॅरल होती. बॉस्टन बीअर तिच्या काठाशी आली आणि 2011 मध्ये मर्यादा तिप्पट झाली. पुढे ‘पारंपरिक पद्धतीची बीअर’ ही अटही 2018 च्या अखेरीस गळली. बॉस्टन बीअरचा धंदा सोडा-चहाकडे झुकत होता, तोच हा काळ. अंगरखा माणसाला बसेना तर शिंपी अंगरखा उसवतो; त्यात गैर काही नाही, पण माप बदलले हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावे. बॉस्टन बीअर या व्याख्येत बसते, म्हणून तिच्या मालकीची डॉगफिशही बसते.

खूण नसेल तर लेबलवर विसंबून राहू नका. अमेरिकेत लेबलवर धन्याऐवजी व्यवसायाचे नाव छापता येते. ‘ब्लू मून ब्रुइंग कंपनी’ असे वाचून कोणाला वाटावे की हा कोणी हौशी छोटा कारखानदार आहे, तर त्यामागे मोल्सन कूर्स उभी असते.

प्रश्न : आम्ही पुण्यातली मंडळी नेमाने मायक्रोब्रुअरीत जातो. अमेरिकेतली लगुनिटास ही ब्रुअरी हायनेकेनने घेतल्यापासून आमचा गट तिला हात लावत नाही. हा बहिष्कार योग्य आहे का? आणि उद्या आपल्याकडच्या मायक्रोब्रुअऱ्याही अशाच विलीन झाल्या तर?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हायनेकेनने 2015 मध्ये लगुनिटासचा अर्धा हिस्सा घेतला आणि 2017 मध्ये उरलेला. तुमचा बहिष्कार तत्त्वाचा असेल तर मला त्याचा आदर आहे. फक्त मायक्रोब्रुअरीतून परतताना वाटेत किंगफिशर घेत असाल तर थांबा, कारण 2021 पासून किंगफिशर करणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजवरही हायनेकेनचेच नियंत्रण आहे. परकी लगुनिटास वर्ज्य आणि घरची किंगफिशर चालते, हे सोवळे जरा सोयीचे झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे आहे. पुण्यात 2009 साली ‘डुलाली’ या मायक्रोब्रुअरीने देशातल्या या प्रकाराला वाट करून दिली. मायक्रोब्रुअरीची बीअर मुख्यतः तिथेच गाळून तिथेच प्यायची असते, त्यामुळे तुमच्यासमोरच्या काचेपलीकडची तांब्याची किंवा पोलादाची भांडी हाच तिच्या उगमाचा पुरावा असतो. दोन पबांचे मालक एक झाले तरी भांडी जागच्या जागी राहतात. पारख करायची वेळ येते ती बीअर कॅनमध्ये भरून राज्याबाहेर जाऊ लागली की. ‘बिरा’ या भारतीय ब्रँडची बीअर 2015 मध्ये भारतात आली ती बेल्जियममध्ये गाळून आलेली होती, हे तिच्या माकडाच्या चित्रावरून कोणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही. तुमच्या मायक्रोब्रुअरीचा धनी बदलला तर आणखी एक गोष्ट पाहा : बीअर गाळणारा माणूस तोच राहिला का? काउंटरवर विचारले तर बहुतेक ठिकाणी तो स्वतःच बाहेर येऊन बोलतो.